कवडीदेव

तानबा भोयर हिंगणघाटच्या गिरणीत सूतखात्यात होता. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक, आणि आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. माणूस अबोल. पाळीवरून आला की केसांतला कापूस झटकायचा, पाय धुवायचा आणि दारात बसून राहायचा.

वर्षातून एकदाच त्याचं तोंड उघडायचं. दिवाळीत आमच्या आळीची दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक व्हायचं, त्यात तो कवडीदेव व्हायचा. नाटक आळीतल्याच एका म्हाताऱ्यानं रचलेलं. त्यात कवडीनगर नावाचं एक राज्य होतं. तिथं सगळं कवड्या टाकून ठरायचं. गादीवर कोणी बसायचं, पोरगी कोणाच्या घरी द्यायची, पाऊस कोणाच्या वावरात पाडायचा, सगळंच. त्या राज्याचा देव लबाड होता. हसत यायचा, गोड बोलायचा आणि कवडी पडता पडता बोटानं उलटी करायचा. तानबा तो इतका छान करायचा की बाया हसून हसून पदर तोंडाला लावायच्या.

चौऱ्याहत्तर सालच्या दंडारीत तो एक वाक्य विसरला. वेळ मारून न्यायला म्हणाला, "तीन घोडे आले रे, आठ स्वार आले!" लोक हसले आणि विसरले. विसरला नाही तो प्रेमदास. गिरणीत त्याचा सूत कातायचा साचा तानबाच्या शेजारी होता आणि दोघं डबा एकत्र उघडायचे. त्याला मटक्याचा नाद होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तीन आणि आठ जोडून अडतीस लावला आणि अडतीस आला.

प्रेमदासनं जिलेबीचा पुडा आणला, तोंडभर हसला आणि ही गोष्ट गिरणीभर सांगितली. इथून तानबाचं घर त्याचं राहिलं नाही.

पहिल्यांदा ओळखीचे आले, मग कुठून कुठून लोक यायला लागले. समुद्रपूरहून एसटीनं येऊन माणसं दारात बसायची. तानबा म्हणायचा, "बावा, मले काई येत नाई. मी गिरणीत काम करतो." ते मान हलवायचे. देव असंच बोलणार, हे त्यांनी नाटकात पाहिलं होतं. मग ते त्याच्याकडे नुसतं बघत बसायचे. तो किती वेळा खोकला, विडीचे किती झुरके मारले, कोणता पाय आधी उंबऱ्याबाहेर टाकला, सगळ्याचा आकडा व्हायचा. त्याची बायको भागीरथा अंगणात लुगडी वाळत घालायची, तर कोणी दोरीवरचे कपडे मोजायचं. ती घरात वाळत घालायला लागली. पावसाळ्यात तिच्या घराला कायम ओल्या कपड्यांचा वास यायचा.

"गुरुजी," ती एकदा मला म्हणाली, "यायनं मले खोकलतानाबी तोंड दाबाले सांगतलं. आता शिंकायचं तरी कुठं?"

तानबानं दंडार सोडली. लोक म्हणाले, देव रुसला. गर्दी वाढली.

दोन वर्षं अशी गेली. एका रविवारी प्रेमदास दुपारी आला आणि सरळ पायाशीच बसला. त्याच्या बायकोचं, शोभाबाईचं शिवणाचं यंत्र त्यानं विकायला काढलं होतं. म्हणाला, "एक आकडा दे. मंग नाई मांगणार."

"काऊन माह्या मागं लागला बे तू? आपण एका डब्यात जेवतो."

"म्हनूनच मांगतो. दुसऱ्यायले देजो नको."

तानबा थकला होता. आकडा खोटा निघाला की सारे आपोआप निघून जातील, असं त्याला वाटलं. मनात येईल तो बोलून टाकला. "चौसष्ट. जाय आता."

दुसऱ्या दिवशी आकडा आला सेहेचाळीस.

लोक हटले नाहीत. उलट त्यांना मोठी खूण पटली. देवानं आकडा दिला होता, फक्त उलटा करून दिला होता. त्या आठवड्यात आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेमदास मात्र आला नाही. शोभाबाईचं यंत्र गेलं होतं. गिरणीत तो एवढंच म्हणाला, "दुसऱ्यायले सुलटा सांगतला असंल." नंतर त्यानं डबा दुसरीकडे उघडायला सुरुवात केली. दोघांचे साचे शेजारी शेजारीच राहिले. सात वर्षं ते हाताच्या अंतरावर उभे राहून धागे जोडत होते आणि एक शब्द बोलले नाहीत. तानबानं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात रागही नव्हता. "बाकीच्यायचं काई नाई, गुरुजी. त्याचंच जड जाते," एवढंच म्हणाला.

त्र्याऐंशीत त्याची छाती गेली. सूतखात्यातला कापूस वर्षानुवर्षं आत साचला होता. वर्ध्याच्या दवाखान्यात तो महिनाभर होता. मी भेटायला गेलो त्या दिवशी प्रेमदास आला. केस पांढरे झालेले, हातात भाकरीचं फडकं. बसता बसता त्याची नजर खाटेच्या नंबरावर गेली. तानबानं ते पाहिलं.

"खाटंचा नंबर पाहून राह्यला का?"

"पाहला," प्रेमदास म्हणाला. "डोये जातेतच. लावत नाई आता."

मग तानबा म्हणाला, "त्या दिवशी म्या तुले जाणून खोटा सांगतलता. सारे टळावे म्हनून."

"लावतानाच माहीत होतं मले. उलटा आला तवा डोस्कं फिरलं."

"मंग लावला काऊन?"

प्रेमदासनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "तू पहिल्यांदा काई देल्लं होतं. खोटं हाये म्हनून वापस कसं करू?"

तानबानं तो तुकडा खाल्ला. त्याला धाप लागत होती, तरी सगळा खाल्ला.

गिरणी त्याला झेपली नाही. समुद्रपूरच्या एका जिनिंगवर फाटकावर बसायचं काम मिळालं आणि दोघं नवराबायको तिकडे गेली. प्रेमदास महिन्यातून एकदा एसटीनं जायचा. फाटकापाशी दोघं बसायचे, कापसाच्या गाड्या आत जाताना बघायचे. परत आल्यावर मी विचारायचो, काय म्हणतो तानबा? "काई नाई," तो सांगायचा. "बसलो होतो."

सत्त्याऐंशीच्या पौषात तानबा गेला. आमच्या आळीतून मातीला मी आणि प्रेमदास, दोघंच होतो. शेजारून आलेली भाकर खाल्ल्याशिवाय भागीरथानं आम्हाला सोडलं नाही. चारच्या गाडीनं आम्ही परतलो. हिंगणघाटच्या स्टँडवर तीन-चार माणसं वाट बघत उभी होती. त्यांना कसं कळलं कोण जाणे. एकानं प्रेमदासला बाजूला घेऊन हळूच विचारलं, किती वाजता गेला, किती मिनिटं झाली होती.

"माह्यापाशी घडी नाई," प्रेमदास म्हणाला आणि घराकडे चालायला लागला.