तिसऱ्या सफरचंदाची सावली

लेकीकडे अमेरिकेत गेलो असताना एका संग्रहालयात छोटंसं वस्तुचित्र पाहिलं. महामंदीत सरकारनं पगारावर ठेवलेल्या कुणा चित्रकाराचं होतं. पाण्याचा निळा जग, अर्धा पाव, दोन सफरचंदं आणि शेजारी तिसऱ्या सफरचंदाची नुसतीच सावली.

"चुकलंय ना हे, बाबा?" लेक म्हणाली.

जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली, त्यामुळे मलाही आधी तेच दिसलं होतं. मग वाटलं, रंगवून व्हायच्या आतच घरातल्या कुणीतरी भुकेपोटी ते खाल्लं असेल. चित्रकारानं सावली मात्र पुसली नाही.

एकदा वर्गात चित्रासाठी मांडून ठेवलेलं केळं खाल्लं म्हणून एका मुलीला मी तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. सकाळी काही खाल्लंयस का, एवढंही विचारलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हणालो. "त्याचं बरोबर आहे."