टीव्हीला मेगर लावला तेव्हा

कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला एक खोड असते. मोटर असो, केबल असो, काहीही बिघडलं की आधी मेगर लावायचा. मेगर म्हणजे हँडलवाली एक पेटी. हँडल फिरवलं की ती पाचशे व्होल्ट सोडते, आणि कुठे करंट गळत असेल तर काटा सांगतो. रायपूरजवळच्या उरला इथल्या रोलिंग मिलमध्ये मी बारा वर्षं हेच करत होतो. तिथल्या मोटरींना पाचशे व्होल्ट म्हणजे नुसत्या गुदगुल्या. बाबांच्या टीव्हीला त्या सोसल्या नाहीत.

टीव्ही जुना, ब्लॅक अँड व्हाइट, सागवानी पेटीतला, पुढे सरकती लाकडी दारं. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून साहेब लोक येत होते, रंगीत टीव्हीची दुकानं निघत होती आणि असले सेट लोक भंगारात देत होते. आमचा मात्र बाबांनी माळ्यावरून खाली उतरवायला लावला. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, जन्मभर बारीक तारा जोडलेले. आई गेल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, हाताला काम द्या, काम सुटलं की हात सुटेल. ते बाबांनी मनात धरून ठेवलं. टीव्ही चालू झाला तर हात अजून आपला आहे, असं त्यांचं गणित होतं.

पेटीपासून सुरुवात झाली. आई दर दिवाळीला ती खोबरेल तेलाने पुसायची, त्यामुळे लाखेचं पॉलिश लाकडावर धरेचना. बाबांनी आठ दिवस स्पिरिटने तेल काढलं आणि मग पॉलिशचा बोळा गोल गोल फिरवायला लागले. त्या फिरण्यात थरथर दिसायची नाही. एक बाजू अशी चमकली की माझी बायको कामं सोडून बघायला आली. पण आतलं काम कठीण होतं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते सोल्डरिंगचा एकेक टाका द्यायचे. एका टाक्याला दहा मिनिटं. मला धीर कमी, मी बाजूला बसून दातओठ खायचो.

"द्या ना बाबा, मी मारतो."

"तू आपल्या मिलच्या मोटरी पाह्य. हे तुह्यं काम नोहे."

हे ते रोज म्हणायचे आणि मला रोज झोंबायचं.

दोन महिन्यांनी एका शनिवारी पडद्यावर उजेड आला. चित्रही आलं, पण ते खालून वर सरकत राहिलं. बाबा लहान मुलासारखे हसले. रविवारी सकाळी त्यांनी एक नवा कंडेन्सर बसवला. टाका देताना हात घसरला, सोल्डरिंगच्या कांडीचं टोक बाजूच्या पट्टीला लागलं. "काही नाही झालं," म्हणाले, आणि जेवून झोपले.

मी म्हटलं, चित्र सरकतंय म्हणजे कुठेतरी करंट गळत असणार. मेगर माझ्या थैलीतच होता. बाबा उठायच्या आत फॉल्ट शोधायचा आणि म्हणायचं, बघा, कोणाचं काम होतं ते. एक वायर चासीला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला लावली, दुसरी सगळ्या बोर्डांवर, आवाजाच्या बोर्डावरही, जागोजाग टेकवत गेलो आणि हँडल फिरवत राहिलो. ट्रान्झिस्टर म्हणजे मोटर नव्हे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हाताची सवय डोक्याच्या पुढे गेली. करायला गेलो गणपती आणि झालं माकड.

चार वाजता बाबांनी बटण दाबलं. काहीच नाही. उजेड नाही, आवाज नाही, साधी खरखरही नाही. त्यांनी तीनदा दाबून पाहिलं. मग उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"सकाळी घसरला होता ना," ते म्हणाले. "मीच मारला त्याले."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मिलमधला मोठा मिस्त्री मी, बापासमोर काय सांगणार, की टीव्हीला मेगर लावला? उद्या सांगू, असं ठरवलं.

उद्याचे तीन आठवडे झाले. बाबांनी अवजारं ट्रंकेत घातली. पेटीची दुसरी बाजू पॉलिशविना तशीच राहिली. मग ते चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागले. मग एके सकाळी शर्टाची बटणं लावून द्यायला सुनेला हाक मारली. तो हात त्यांनी मांडीवर नुसता ठेवून दिला. मला घरात जेवण जाईना. बाबांनी माझ्याकडे साधं बघितलं तरी वाटायचं, कळलंय यांना. चोराच्या मनात चांदणं.

बायकोने मला त्या दुपारी हँडल फिरवताना पाहिलं होतं. ती इतके दिवस गप्प होती. बटणांच्या दिवशी मी ड्युटीला निघालो तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"तुम्ही सांगता का मी सांगू मामाजीले?"

"सांगतो म्हटलं ना!"

"कधी? रविवारी ब्राह्मणपाऱ्यातला मेकॅनिक येऊन राहिला. मामाजी अवजारं त्याले देऊन टाकतो म्हणतात."

रविवारी मेकॅनिक अकराला येणार होता. दहा वाजता बाबा ट्रंक उघडून बसले होते, सोल्डरिंगची कांडी फडक्यात गुंडाळत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मेगर, चासी, बोर्ड, सगळं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बापाले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला. समजते मले."

मला हे सुचलंच नव्हतं. मी भांडणाची तयारी करून आलो होतो, शिव्यांची तयारी करून आलो होतो. आणि हा माणूस माझ्या गुन्ह्याला माझा चांगुलपणा समजत होता. माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "खोटं नाही बोलत! मीटर लावून पाहा!"

"मी आता हात नाही लावत."

मग मीच ट्रंकेतून त्यांचा साधा मीटर काढला, टीव्हीची मागची फळी उघडली आणि ट्रान्झिस्टरला मीटरच्या तारा टेकवल्या.

"काय बे, उलट्या लावल्या," बाबा मागून म्हणाले. मी पुन्हा चुकलो. त्यांना ते बघवेना. त्यांनी तारा ओढून घेतल्या आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

"हा गेला." पुढचा. "हाही गेला. पण एक गेला तर बाजूचाही जाते. माह्याच चुकीनं गेला असंल."

तिसरा, चौथा. घड्याळात पावणेअकरा. सगळे त्यांच्या टाक्याजवळचेच होते आणि त्यांचा चेहरा पुन्हा उतरत चालला होता.

"आवाजाचा बोर्ड पाहा," मी म्हटलं.

"त्याले तर मी हातच नाही लावला. त्याची लाइनच वेगळी."

"म्हणूनच म्हणतो, पाहा."

त्यांनी तारा टेकवल्या. काटा पाहिला, पुन्हा टेकवल्या.

"गेला."

पुढचा. "गेला." आणखी एक. "हाही गेला!" एकेक मेलेला ट्रान्झिस्टर सापडत होता आणि बाबांचा आवाज चढत होता. मी लाजेने मान खाली घालून बसलो होतो, आणि मला इतकं हायसं वाटत होतं की रडू येत होतं.

शेवटचा तपासून त्यांनी मीटर खाली ठेवला. आता शिव्या येतील, एखादी थप्पडही येईल, म्हणून मी थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीला धरून उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी नाही मारला त्याले." ती काही बोलायच्या आत पुन्हा म्हणाले, "मी नाही मारला."