पाणंदीतले पांढरे बाण

माझ्या आईवडिलांची उमेदीची सगळी वर्षं खडीवर गेली. नगरच्या उत्तरेला डोंगर फोडून खडी करणारं एक क्रशर होतं. तिथे वडील घण चालवायचे आणि आई पाट्या उचलायची. आम्ही तिथेच पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. पिठात धूळ जायची, त्यामुळे भाकरी खाताना दाताखाली करकरायची. मला कितीतरी दिवस वाटायचं, भाकरी अशीच असते. आईला खोकला लागला की वडील स्वतःचं काम उरकून तिच्या वाटणीच्या पाट्या टाकायचे. आजारपणाला रजा नव्हती. ज्या दिवशी क्रशर बंद, त्या दिवशी चूल अर्धी.

शाळेला मी त्याच खडीवरून चालत जायचे. पुढे शाळेतून मुलींना सायकली मिळाल्या आणि मी चालायची थांबले, ती आजवर. क्रशर बंद पडल्यावर आम्ही नागापूरला आलो. वडील एमआयडीसीत वॉचमन झाले, मी नगरला कॉलेजात गेले, बी.एस्सी. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकल्या त्यांना यात विशेष वाटणार नाही, मला वाटतं.

आता मी एमआयडीसीतल्याच एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. तिथल्या काही जणांना सायकलीचा नाद. त्यांनी ग्रॅव्हल बाईक घेतल्या. रुंद टायरच्या, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल असलेल्या, डांबर सोडून कच्च्या वाटेने पळणाऱ्या सायकली. दर रविवारी ते सायकली गाडीवर बांधून पुण्याच्या पलीकडे चालवायला जायचे. मी एकदा म्हटलं, "एवढं लांब कशाला? आपल्याकडे डोंगर आहेत, गड आहे, दरी आहे."

त्यातला एक हसला. "नगरला काय आहे? डंपर आणि धूळ."

धुळीचं मला कोणी सांगावं? त्या दिवशी ठरवलं की यांना इथली फेरी दाखवायची. नागापूरच्या मागून निघायचं, पिंपळगावच्या तलावाच्या कडेने जायचं, मांजरसुंब्याच्या गडाखालून डोंगरगणच्या दरीत उतरायचं आणि रामेश्वराच्या देवळापाशी थांबायचं. अट एकच, डंपरच्या रस्त्याला चाक लावायचं नाही.

मी एक जुनी ग्रॅव्हल बाईक घेतली. वडिलांनी टायर दाबून पाहिले.

"हिचं काय करायचं?"

"खडीवर चालवायची."

वडील आईकडे वळले. "ऐकलं का? खडी डांबराखाली जावी म्हनून आपन मेलो, आन् ही डांबर सोडून खडीवर चाललीय!"

आई म्हणाली, "जाऊ द्या. निदान डोक्यावर पाटी न्हाई तिच्या."

सुट्टीच्या दिवशी मी वाटा शोधत हिंडायचे. बहुतेक वाटा सापडल्या. कुठे तलावाचा बांध, कुठे मेंढरांची वाट, कुठे मुरूम टाकलेला शेतरस्ता. अडलं ते गडाच्या पायथ्याशी. तिथून डोंगरगणकडे जाणारी एक जुनी पाणंद होती. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या रानांमधून जाणारी गाडीवाट. बैलगाड्या गेल्या तशी ती घाणेरीने आणि बाभळीने बुजून गेली होती. ती मोकळी झाली की फेरी जुळली. नाहीतर दरीत उतरायला डंपरचाच रस्ता.

मी विळा-कोयता घेऊन चार-सहा सुट्ट्या तिथे घालवल्या. काटे तोडले, वाट मोकळी झाली. मग वळणावळणावरच्या दगडांवर फक्कीने पांढरे बाण मारले. क्रिकेटच्या मैदानावर रेघा मारतात तीच फक्की. येणारा चुकू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

पुढच्या खेपेला गेले तर पाणंदीत खड्डे. प्रत्येक खड्ड्यात आंब्याचं रोप, आणि तोंडाशी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. शेजारी बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. पाणंदीच्या दोन्ही बाजूंचं रान त्यांचंच. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं.

"आबा, वाटेत झाडं कशी लावली?"

"वाट कुठं हाय? माझी आमराई हाय ही. जुनी."

रोपांना नर्सरीच्या काळ्या पिशव्या अजून तशाच होत्या.

"जुनी?"

"तू लिहून तर घे. पानी घातलं की हुतील जुनी."

तेवढ्यात शेजारच्या रानातून एक मावशी चहा घेऊन धावत आल्या. "बाई, तुमची रेघ आमच्या इहिरीवरनं घ्या की. इहिरीचं लई देत्यात म्हनं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, मोबाईलमध्ये नकाशा आणि दगडांवर पांढऱ्या खुणा. त्यांना वाटलं, मी नव्या हायवेची मोजणी करायला आले! आमच्याकडे हायवेची खूण दिसली की लोक आधी फळझाडं लावतात, कारण जमीन गेली तर झाडांची, विहिरीची भरपाई वेगळी मिळते. मी क्रिकेटच्या मैदानाचा विचार केला, आणि अख्ख्या शिवाराने आमराया लावल्या.

मी म्हटलं, "आबा, हायवे नाही. ही सायकलींची वाट आहे."

आबा मावशींना म्हणाले, "बघ. सायबीन लई हुशार हाय. खरं सांगत न्हाई." मग माझ्याकडे वळून, "सायकलीसाठी कोन फक्की मारतं गं? सायकल काय आंधळी हाय?"

त्या दिवशी मी घरी परतले, पण नाद सोडला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. हेल्मेट काढून त्यांच्याशेजारी बांधावर बसले. क्रशरवर वाढले ते सांगितलं, कॉलेजचं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि समोर बोट केलं. पाणंदीच्या तोंडापासून गडाच्या दरवाज्याच्या दगडी कमानीपर्यंत मुरमाचा उभा चढ आहे.

"पाय न टेकता कमानीपर्यंत जाऊन दाखव. मंग म्हनंन सायकलीची वाट हाय. पाय टेकला, तर झाडं तिथंच राहतील."

"बोललात हं आबा."

"म्हातारा बोलून बदलत न्हाई. विसरतो फक्त."

निघाले. अर्ध्या चढापर्यंत बरं चाललं होतं. वळणावर सुटी खडी आली, मागचं चाक जागेवर फिरलं आणि मी आडवी झाले. गुडघा सोलला. खालून आबांचा आवाज आला, "पाय न्हाई टेकला गं, डायरेक बाईच टेकली!"

बांधावरचे लोक हसले, आणि मलाही हसू आलं. पण घरी गुडघ्याला हळद लावताना आईला सांगितलं, "मी पुन्हा जाणार."

ती म्हणाली, "जा. मी तुला थांब म्हनले का?"

गेले, आणि पुन्हा त्याच वळणावर अडले. त्यापुढच्या खेपेला तर बांधावर जत्रा. कोणी पोहे आणले होते, कोणी शेंगा. मावशी म्हणाल्या, "आबा, तिला उगं दमवू नका. लेकरू हाय."

"मी कुठं दमवतो? तीच येतीया."

त्या दिवशी मी आधी टायरमधली थोडी हवा सोडली. चाक मऊ झालं की खडीवर बसतं, घसरत नाही, हे तोवर पडूनपडून कळलं होतं. आधीच्या खेपांना वळणावर मी घाबरून पायडलवर उभी राहायचे, तिथेच घात व्हायचा. या वेळी सीटवर मागे सरून बसले, हलका गिअर टाकला आणि नजर चाकावर न ठेवता कमानीवर ठेवली. वळण आलं. चाक एकदा घसरलं, मुरूम उडाला, हँडल डोलू लागलं. मी पायडल सोडलं नाही. चेनचा आवाज तेवढा येत होता. वळण संपलं, चढ संपला आणि कमानीची गार सावली अंगावर पडली. तिथे मात्र दोन्ही पाय टेकले आणि ओरडले, "आबा!"

खाली आले तेव्हा आबा कुंपणाच्या बाभळी ओढून बाजूला टाकत होते. "हायवेवाली एवढी मरमर करत न्हाई," ते म्हणाले. "ते एसीच्या गाडीतनं येत्यात."

रोपं उपटून फेकायची नाहीत, असं मी म्हटलं. ती त्यांनी विकत आणून लावलेली, जीव धरलेली. आम्ही ती मातीच्या गोळ्यासकट काढली आणि पाणंदीच्या दोन्ही कडांना लावली. आई माझ्याबरोबर आली होती. मधल्या खड्ड्यांत तिने मुरूम भरून चोपून बसवला. आबा म्हणाले, "बाई, तुमचा हात बसलेला हाय."

आई म्हणाली, "आमची पहिलीच वाट हाय ही. बाकी समद्या दुसऱ्याच्या."

फक्कीचे बाण आम्ही घासून काढले. त्याऐवजी वळणांवर दगडांच्या चवडी रचल्या, मेंढपाळ रचतात तशा. त्या पाहून अजून कोणी झाड लावलेलं नाही.

पुढे कारखान्यातली मंडळी आली. डंपर आणि धूळ म्हणणारा चढावर तीनदा उतरला. मी कमानीत उभी राहून वाट पाहिली. तिथून पिंपळगावचा तलाव दिसतो, ते त्याने स्वतःच पाहिलं.

आज नागापूरहून डोंगरगणपर्यंत डंपरच्या रस्त्याला चाक न लावता सायकलवर जाता येतं. ही वाट मी जोडली.