मास्तरांचा अंगठा

गावातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना ती न शिकण्याचा सल्ला दिला होता. "तुम्ही पायीच चाला, जगाचं भलं होईल," असं तोंडावर सांगणारा हा माणूस. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवर पाय ठेवून मास्तरांनी उभा जन्म काढला. शिष्याने आधी गाडीभोवती फेरी मारायची, चारही टायर अंगठ्याने दाबायचे आणि मगच आत बसायचं, हा त्यांचा नियम. मास्तर स्वतः नुसता अंगठा टेकवायचे आणि म्हणायचे, "मागचा डावा जरा उतरलाय." हवेचा मीटर लावला की तेच निघायचं. त्या अंगठ्याचा मास्तरांना कोण अभिमान!

अख्ख्या गावाला शिकवलं, पण बायकोला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मास्तरीणबाईंनी नव्या संसारात दोनदा विचारून पाहिलं होतं. "मी आहे ना," असं मास्तर म्हणाले आणि विषय संपला.

पुढे शिकवणी बंद झाली, जुनी गाडी भंगारात गेली. लेकीने आपली गाडी बदलली तेव्हा आधीची यांना देऊन टाकली. घर गावाबाहेर, चढावर. तिथे बस येत नाही आणि बाईंच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही. औषधं, भाजी, दवाखाना, सगळं गाडीच्या जिवावर. लेकीने किल्ली देतानाच बजावलं होतं, "बाबा, जमेनासं झालं की तुम्ही स्वतः मला सांगायचं. मग दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं." लेकीच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. गाडी आहे तोवर आपलं घर आहे, हे दोघांनाही न बोलता कळलं होतं.

एका सकाळी उतार उतरताना स्टीयरिंगसमोरच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला.

"अहो, हे काय पेटलं?" बाईंनी विचारलं.

"टायरमध्ये हवा कमी आहे म्हणे." मास्तर हसले. "आता हा दिवा आम्हाला शिकवणार!"

गाडी कडेला घेऊन ते उतरले. चारही टायर दाबले. चारही टणक.

"बघ, दगडासारखे आहेत. दिवाच खोटारडा आहे."

साखरेच्या दुखण्याने मास्तरांच्या पायांची बोटं आधीच बधिर झाली होती, आता हातांची पाळी होती. चहाचा पेला भाजतोय हे त्यांना कळेनासं झालं, तेव्हापासून बाई चहा निववूनच पुढे ठेवत. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नसे. अंगठ्याचं काय झालंय ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. टायरच कशाला, त्यांना आताशा उशीसुद्धा टणक लागली असती.

हवा भरून घ्यायला कितीसा वेळ लागतो? पण पंक्चरवाला पडला त्यांचाच शिष्य. "काय मास्तर, अंगठ्याला कळलं नाही?" असं तो थट्टेत विचारणार, आणि त्यावर काय सांगायचं? मास्तर घाबरले होते, दुसरं काही नाही. घरी आल्यावर त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवला. असाच दिवा झाकला म्हणून त्यांनी एकदा एका वकिलाला भर रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पुढच्या खेपेला गाडी एका अंगाला ओढू लागली.

"अहो, गाडी तिकडे जातेय."

"रस्ताच तसा आहे."

बसथांब्याच्या वळणावर मास्तरांनी स्टीयरिंग फिरवलं, पण गाडी हवी तशी वळली नाही. पुढचं चाक फुटपाथवर चढलं आणि गाडी थांब्याच्या बाकड्याला धडकून थांबली. बाकड्यावर कोणी नव्हतं. एरवी त्या वेळी तिथे शाळेची मुलं बसलेली असतात. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

मास्तर खाली उतरले, वाकले आणि त्यांनी टायरला अंगठा लावला.

"टणक आहे," ते म्हणाले.

बाई गुडघे धरत त्यांच्या बाजूला आल्या. त्यांनी मास्तरांचा हात आपल्या हातात घेतला, त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. रबर आत गेलं. मास्तरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. हाताला मात्र काहीच कळलं नाही.

"आता दिसलं ना?" बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मास्तरांना सोसेना. ते रिकाम्या बाकड्यावर जाऊन बसले.

कोणीतरी फोन केला, पंक्चरवाला आला. त्याने जॅक लावून चाक बदललं. काढलेल्या टायरमधला खिळा त्याला दिसला, समोरची चिकटपट्टीही दिसली. थट्टा करायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. "झालं मास्तर, बसा," म्हणत त्याने किल्ली पुढे केली.

मास्तरांनी ती घेतली नाही. "तूच घरी सोड आम्हाला," ते म्हणाले आणि मागचं दार उघडून बसले. आपल्याच गाडीत ते पहिल्यांदा मागे बसले होते. चढावर समोरून ट्रक आला तेव्हा त्यांचा पाय सवयीने खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.

पंक्चरवाला गाडी अंगणात लावून पायीच उतरून गेला. दोघं तशीच आत बसून राहिली.

"तुला शिकवायला हवं होतं मी," मास्तर म्हणाले.

"आता कशाला ते?" पुढच्या सीटवरून बाई मागे न वळताच म्हणाल्या.

मग मास्तरांनी फोन काढला. बोटांना आकडे नीट दाबता येईनात, तेव्हा बाईंनीच लावून दिला.

"बाबा? आज असा मध्येच फोन? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. "मी काय म्हणतो, आपलं ते मोठं लाकडी कपाट आहे ना, ते तुझ्या जिन्यातून वर जाईल का गं?"

लेकीला कळलं.

"नाही जाणार, बाबा," ती म्हणाली.