थकव्याची सूट

माझ्या मेहुण्याने आमच्या घराविषयी नातेवाइकांत जी कथा पसरवली, तिच्यात एक वाक्यही खरे नव्हते. त्याच्या मते माझी मुलगी आळशी आहे, मी तिला लाडावून ठेवली आणि चाकणची चांगली नोकरी सोडायला लावून थेरगावच्या घरात गादीवर बसवली. लग्नाच्या पंगतीत असो की दहाव्याला, चार माणसे भेटली की तो हे सांगत असे. माझी सत्तरी उलटली आहे आणि ऐकून घेण्याचा माझा स्वभाव नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी माझ्या कामाविषयी सांगायला हवे. चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे मी टाइम स्टडीचे काम केले. स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभे राहायचे, एका नगाला किती वेळ लागतो ते टिपायचे आणि त्यावरून दिवसाचे उत्पादन ठरवायचे. निघालेल्या वेळेत थोडी भर घालून द्यावी लागे. तिला आम्ही थकव्याची सूट म्हणत असू. ती किती द्यायची हे मीच ठरवीत असे, आणि सढळ हाताने कधी दिली नाही. या कामाचा पहिला धडा असा, की घड्याळ दिसले की कामगार मुद्दाम मंदावतो. म्हणून डोळ्यांना दिसणारी गती खरी मानायची नाही. मला कुणी फसवू शकत नाही अशी माझी ख्याती होती. ती मी मिरवली.

मुलगी चाकणच्या कंपनीत तपासणी विभागात होती. चार वर्षांपूर्वी तिला ताप आला, आठ दिवसांत उतरला, आणि त्यानंतर ती पूर्वीची राहिली नाही. केस धुतले तरी उरलेला दिवस पडून राही. दहा तास झोपून उठली तरी सलग दोन शिफ्ट करून आल्यासारखी दिसे. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, मन रमवा; दुसरे म्हणाले, लग्न करून टाका. नोकरी मी सोडायला लावली नाही, ती हातातून गळून पडली. दीड वर्षाने एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिले: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. त्या म्हणाल्या, "हा आळस नाही आणि नुसता थकवाही नाही. झेपेल त्याहून जास्त केलं, की शरीर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळतं."

त्या दिवसापासून मी वाचायला बसलो. इंग्रजी शोधनिबंध, शेजारी शब्दकोश. एकेका पानाला सकाळ जाई. मेहुण्याने त्याचीही चेष्टा केली. त्याने स्वतः जत्रेच्या पत्रिकेपलीकडे काही वाचल्याचे मला माहीत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तो घरी आला. चपला घालूनच आत शिरला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"दाजी, आळंदीच्या रस्त्याला निसर्गोपचाराचं केंद्र हाय. एकवीस दिवसांत पोरगी पळाया लागंल बगा. सकाळी पाचला उठवत्यात, चालाया नेत्यात, रोज थोडं थोडं वाढवत्यात. खोली सांगून आलोय. सोमवारी गाडी आणतो."

"ती जाणार नाही."

"का वो? काचेची हाय का ती?"

"चालवलं तर ती आणखी खचेल. पूर्वी डॉक्टरही रोज थोडं वाढवा म्हणत. तो सल्ला आता मागे घेतला गेला आहे. मी वाचलं आहे."

तो मोठ्याने हसला आणि माझ्या पत्नीकडे वळला. "आक्का, ऐकलंस का? जल्मभर कामगारांमागं घड्याळ घिऊन फिरले, कुनाला बूड टेकू दिलं न्हाई. आन सोताच्या पोरीला भरपगारी रजा!"

आतल्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. मुलगी डोळ्यांवर फडके घेऊन पडली होती आणि तिला शब्दन् शब्द ऐकू जात होता. मी मेहुण्याला काय काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. पण मला पश्चात्ताप नाही.

पत्नी मात्र विचारात पडली होती. तिचे मन भावाच्या बाजूला झुकलेले मला दिसत होते. ती म्हणाली, "अहो, वाचलेलं राहू द्या. एकदा नेऊन तर बघू. नाहीच झेपलं तर परत आणू."

"गेलेली ताकद परत आणता येत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते, आणि तीन वर्षे मी ते कपाटावर ठेवले होते. सोमवारी गाडी येणार होती. मी स्टूल घेतले आणि वही खाली काढली.

आजाराच्या पहिल्या वर्षी, त्याला नाव मिळण्याच्या आधी, पत्नी तिच्या आईच्या आजारपणात तीन आठवडे माहेरी होती. मुलगी तेव्हा घरात वावरत असे. स्वतःची आंघोळ, दोघांपुरता स्वयंपाक करीत असे. मला वाटले, सवय मोडली आहे, एवढेच. कारखान्यात नव्या कामगाराची गती जशी वाढवीत नेतात, तशी मी तिची वाढवायला घेतली. सोसायटीच्या फाटकापासून रस्त्याच्या दिव्याच्या दुसऱ्या खांबापर्यंत, मग रोज एक खांब पुढे. डांगे चौक हे लक्ष्य. ती पुढे चाले, मी मागे घड्याळ आणि ही वही घेऊन. असे एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी तिला पाण्याचा पेला उचलता आला नाही. आई परतल्यावर तीच म्हणाली, "ताप उलटला, आई." मी ते खोडून काढले नाही.

मी उभा राहून वही वाचली. प्रत्येक दिवसाचा खांब, प्रत्येक दिवसाची मिनिटे. नवव्या दिवशी ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती आणि म्हणाली होती, "अप्पा, मी नाटक करत नाहीये." त्या दिवसाच्या शेऱ्याच्या रकान्यात माझ्या हस्ताक्षरात तीन शब्द आहेत. तेही मी वाचले: "गती मुद्दाम कमी."

मग पत्नी भावाला म्हणाली, "खोली नको म्हणून सांग."

"अगं आक्का, पन त्ये लोक..."

"नको म्हणून सांग म्हटलं ना!"

आतून मुलीचा आवाज आला. "आई, दार लाव गं. आवाज सहन होत नाहीये."

पत्नीने आत जाऊन दार लावून घेतले. पुढे अकरा दिवस तिने माझ्यासमोर ताट ठेवले, शब्द ठेवला नाही. तो तिचा अधिकार होता.

आता मेहुण्याने कथा बदलली आहे. बापानेच पोरीला चालवून चालवून अंथरुणाला खिळवली, आणि ती गरीब गाय चकार शब्द न काढता चालत राहिली, असे तो सांगतो. यातील पहिला भाग खरा आहे. तो त्याने खुशाल सांगावा. दुसरा खोटा आहे. माझी मुलगी गरीब गाय नव्हती आणि नाही. ती माझ्या तोंडावर, स्पष्ट शब्दांत बोलली होती. ऐकणारा मी होतो. तिला मुकी ठरवून कुणी माझा अपराध हलका करू नये.

आळंदीला ती गेली नाही. संध्याकाळी मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. कधी चार बातम्या होतात, कधी मथळाही पुरा होत नाही. ती हात वर करते. मी शब्दाच्या मध्येच थांबतो. किती मिनिटे झाली ते पाहत नाही. मेहुण्याला यावर काही म्हणायचे असेल तर त्याने जरूर यावे. मात्र चपला दाराबाहेर काढाव्यात, आणि हळू बोलावे.