ड्रमवाला

आमच्या घरामागं बंद पडलेल्या यंत्रमागाच्या कारखान्यात रॉक बँडची पोरं वाजवतात. त्यातला ड्रमवाला चहा पितानाही टाचेनं ताल धरतो. "आज्जी, लई गोड केलाय की," हेसुद्धा तालातच.

हल्ली त्यांची गाणी संथ झालीत. परवा चहा घेऊन गेले, तर एक नवी मुलगी लॅपटॉप मांडून बसलेली. गाणारा खाली बघत ड्रमवाल्याला म्हणाला, "आजपासून ही ताल देणार, लॅपटॉपवर. तू येऊ नको आता."

भजनी मंडळात माझे टाळ काढून घेतले, तेव्हा मी महाराणी आठवडाभर भांडी आपटत होते. हाही काठ्या भिरकावणार, म्हणून मी कपबशा जवळ ओढल्या.

त्यानं मुलीच्या लॅपटॉपची वायर स्पीकरला जोडून दिली आणि गाणाऱ्यासमोर मांडी घालून बसला.

"गा की. ऐकतो मी."

गाणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना.