गोलकडे पाठ करून

मंडळी, सकाळी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

मुलीला फुटबॉलच्या प्रॅक्टिसला पालेगावच्या मैदानावर घेऊन गेले होते. तिचे कोच वाघमारे सर अकरा वर्षं मोठ्या क्लबांकडून स्ट्रायकर म्हणून खेळले. गुडघ्याची दोन ऑपरेशन्स झाली आणि खेळ सुटला. आज टीममधल्या मुली मागेच लागल्या, "सर, एक गोल मारून दाखवा ना."

सर गोलकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "कुठूनही पास द्या."

तीन पास आले. तिसरा तर पार वाकडा. सर पळाले नाहीत, वळता वळताच मारत गेले. नजर फक्त बॉलवर. तिन्ही बॉल जाळ्यात.

"सर, न बघता कसं कळतं?" माझ्या मुलीने विचारलं.

"डिफेंडर पाठीवर असला की गोल बघायला वेळ कुठे मिळतो? म्हणून प्रॅक्टिस संपली की मी एकटा तासभर हेच करायचो."

"रोज? अकरा वर्षं?"

"सुट्टीच्या दिवशीपण," म्हणत सर लंगडत बॉल गोळा करायला गेले.

मी वीस वर्षं नोकरी करतेय. इतकं अंगात भिनलेलं माझ्याकडे काय आहे, हेच दुपारपासून शोधतेय. तुमच्याकडे आहे का असं काही?